मांजराच्या घरी कुत्र्याचे पिल्लू

प्रस्तावना

घरातील मुले आपसांत वाद घालू लागली, की 'कुत्र्या-मांजरासारखे भांडू नका' असे वडीलधारी माणसे बजावतात. या दोन प्राण्यांचे वैर जणू ठरलेलेच आहे, अशी आपल्या भाषेची समजूत दिसते. संस्कृत व्याकरणात ज्या प्राण्यांचे वैर नित्याचे मानले जाते, त्यांच्या जोड्यांचा समाहार द्वंद्व समास होतो. 'अहिनकुल' म्हणजे साप आणि मुंगूस, 'मार्जारमूषक' म्हणजे मांजर आणि उंदीर, ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. या जोड्यांत एक प्राणी दुसऱ्याची शिकार करून त्याला खातो. कुत्रा आणि मांजर यांच्यात असे नाते नाही. मांजर पळाले की कुत्रा मागे धावतो आणि प्रसंगी मांजराचा जीवही जातो, हे खरे आहे. परंतु त्या भांडणाच्या मुळाशी भुकेपेक्षा भीती आणि गैरसमज अधिक असतात. म्हणूनच हे वैर टाळता येते. ज्या घरात मांजर आधीपासून राहत आहे, तेथे कुत्र्याचे पिल्लू आणताना कोणती काळजी घ्यावी, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• कुत्रा आणि मांजर यांच्या स्वभावांतील फरक सांगता येईल;
• दोघांच्या देहबोलीचा अर्थ लावता येईल;
• पिल्लाची मांजराशी टप्प्याटप्प्याने ओळख कशी करून द्यावी, हे स्पष्ट करता येईल;
• प्राणी पाळणाऱ्याच्या आरोग्यविषयक व कायदेशीर जबाबदाऱ्या सांगता येतील.

मूळ पाठ

१. दोन प्राणी, दोन इतिहास

कुत्रा हा लांडग्याचा वंशज आहे. लांडगे कळपाने राहतात, मिळून शिकार करतात आणि एकमेकांच्या हालचालींकडे सतत लक्ष ठेवतात. माणसाबरोबर राहू लागल्यावर कुत्र्याने माणसालाच आपल्या कळपात घेतले. जर्मनीतील बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ साली एक जुने दफन सापडले. त्यात दोन माणसांबरोबर कुत्र्याचेही अवशेष आहेत. ते दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे मानले जाते. शेतीचा शोध लागण्यापूर्वीच कुत्रा माणसाचा सोबती झाला होता, हे त्यावरून कळते.

मांजराची कथा निराळी आहे. आपल्या घरातील मांजर हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया या भागांतील रानमांजराच्या वंशातील आहे. हे रानमांजर एकट्याने शिकार करते. माणूस धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले. भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर माणसाच्या शेजारी पुरलेल्या एका मांजराचा सांगाडा मिळाला. तो सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा असून त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. मांजराला माणसाने हुकूम पाळायला लावले नाही. ते आपल्या कामासाठी आले आणि राहिले. त्यामुळे एकट्याने फिरण्याचा आणि स्वतःची हद्द राखण्याचा त्याचा मूळ स्वभाव आजही टिकून आहे.

या इतिहासाचा परिणाम रोजच्या वागण्यात दिसतो. कुत्र्याच्या पिल्लाला नवा प्राणी म्हणजे नवा खेळगडी वाटतो. मांजराला तोच नवा प्राणी आपल्या हद्दीत घुसलेला परका वाटतो. मांजर घराच्या कोपऱ्यांवर, दाराच्या चौकटीवर, माणसांच्या पायांवर गाल घासते. त्याच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि त्यांच्या वासाने ते घरावर जणू आपली खूण करून ठेवते. अशा घरात एके दिवशी अचानक परक्या प्राण्याचा वास पसरला, तर मांजराच्या दृष्टीने ते घर त्याचे राहत नाही.

२. एकाच घरातील दोन भाषा

कुत्रा आणि मांजर यांना आपले म्हणणे शेपटी, कान, डोळे आणि पंजे यांनी सांगावे लागते. अडचण अशी, की सारख्या दिसणाऱ्या खुणांचे अर्थ दोघांच्या बाबतीत अनेकदा उलट असतात.

शेपटी हलवणे : सैल अंगाने शेपटी हलवणारे पिल्लू बहुधा आनंदात असते. मांजर शेपटी जोरजोराने फटकारू लागले, तर ते चिडले आहे असे समजावे.

शेपटी उभी करणे : मांजर शेपटी ताठ उभी धरून जवळ येते, तेव्हा ते स्नेहाने येत असते. अनोळखी कुत्र्याने शेपटी ताठ उंच धरली, तर तो सावध झालेला किंवा आव्हान देणारा असू शकतो.

पंजा उचलणे : पिल्लू पंजा पुढे करते ते खेळायला बोलावण्यासाठी. मांजराचा उचललेला पंजा हा पुढच्या फटकाऱ्याचा इशारा असतो.

उताणे पडणे : पिल्लू पोट वर करून पडते, तेव्हा ते सहसा 'मी तुझ्यापुढे नमलो' असे सांगत असते. भांडणाच्या वेळी मांजर उताणे होते ते चारही पायांची नखे वापरता यावीत म्हणून.

याशिवाय पुढचे पाय पसरून, मागचा भाग उंच करून भुंकणे हे पिल्लाचे खेळाचे आमंत्रण आहे. मांजराला मात्र तो झडप घालण्यापूर्वीचा पवित्रा वाटतो. ते पाठीची कमान करते, केस पिंजारते, कान मागे पाडते आणि फिस्कारते. फिस्कारणे म्हणजे 'लांब राहा' ही स्पष्ट सूचना होय. ती पिल्लाला समजली नाही आणि ते पुढे सरकले, की पंजा बसतो किंवा मांजर पळ काढते. मांजर पळाले की पिल्लाची पाठलागाची उपजत प्रवृत्ती जागी होते. अशा रीतीने खेळातून भांडण उभे राहते.

मात्र ही दुसरी भाषा प्राण्यांना शिकता येते. इस्राएलमधील तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास केला आणि २००८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहिलेल्या घरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश घरांत दोघांचे संबंध मैत्रीचे होते. एकमेकांच्या खुणांचा अर्थ उलट असला तरी सहवासाने अनेक प्राणी तो ओळखू लागले होते. पहिल्या भेटीच्या वेळी मांजर सहा महिन्यांच्या आतील आणि कुत्रा एक वर्षाच्या आतील असेल, तर जुळण्याची शक्यता अधिक, असेही त्यात आढळले. ही भाषा शिकेपर्यंत दोघांना एका दुभाष्याची गरज असते. ते काम घरातील माणसांनी करायचे असते.

पाठगत प्रश्न – १

(अ) योग्य पर्याय निवडा. मांजर शेपटी ताठ उभी धरून जवळ येते, तेव्हा ते –
(१) चिडलेले असते. (२) स्नेहाने येत असते. (३) घाबरलेले असते.

(आ) एका वाक्यात उत्तर लिहा. मांजर दाराच्या चौकटीवर गाल का घासते?

३. पिल्लू आणण्यापूर्वी

पिल्लू आणण्याचा निर्णय घेताना प्रथम मांजराचा विचार करावा. मांजर फार म्हातारे किंवा आजारी असेल, गाभण असेल किंवा त्याची पिल्ले अंगावर पीत असतील, तर काही काळ थांबणे योग्य. पिल्लाचे वयही पाहावे. आईच्या व भावंडांच्या सहवासात पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते, म्हणून त्याला फार लवकर तोडू नये. भारतात २०१७ साली केलेल्या नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. दुसऱ्या बाजूने, कुत्र्याच्या पिल्लाला जगाची ओळख होण्याचा महत्त्वाचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंतचा असतो. या काळात शांतपणे भेटलेल्या प्राण्यांना ते सहजपणे आपले मानते. दोन ते तीन महिन्यांचे पिल्लू त्यामुळे सोयीचे ठरते.

घरात येण्यापूर्वी पिल्लाला पशुवैद्यकाकडे नेऊन तपासून घ्यावे. जंताचे औषध आणि लसींचे वेळापत्रक तेथेच समजून घ्यावे. मांजराच्या लसी राहिल्या असतील, तर त्याही पूर्ण कराव्यात.

आता घराची मांडणी. शहरांतील अनेक घरे दोन खोल्यांची असतात. तेथे पिल्लासाठी स्वतंत्र खोली कोठून आणावी, असा प्रश्न साहजिकच पडतो. उदाहरण म्हणून असे एक घर डोळ्यांसमोर आणू या. बाहेरची खोली, आतले स्वयंपाकघर, मधे एक दार. आई-वडील, शाळेत जाणारी मुलगी, आजी आणि चार वर्षांची एक मांजर. या घरात अडीच महिन्यांचे गावठी पिल्लू यायचे आहे.

या घरी पुढील तयारी पुरेशी होईल. स्वयंपाकघर मांजरीकडे राहील आणि बाहेरच्या खोलीचा एक कोपरा पिल्लाला मिळेल. मांजरीचे खाणे, पाणी आणि वाळूचे घमेले आतल्या बाजूला न्यावे लागेल. हा बदल पिल्लू येण्याच्या आठवडाभर आधी करावा, म्हणजे जागा बदलल्याचा राग आणि पिल्लू आल्याचा धक्का एकाच दिवशी बसणार नाही. माळा किंवा कपाटाचा माथा मांजरीसाठी मोकळा करावा आणि तेथे चढण्यासाठी भिंतीवर एक-दोन भक्कम फळ्या ठोकाव्यात. मांजराला उंचावरून खाली पाहता आले, की त्याची निम्मी भीती जाते. पिल्लाच्या कोपऱ्यात गोणपाट, पाण्याचे जड भांडे आणि चावण्यासाठी जुन्या सुती कापडाची घट्ट गाठ ठेवावी. दोन खोल्यांमधील दारासाठी जाळीची एक चौकट करून घेतली, तर ती पुढे फार उपयोगी पडते. यांपैकी बहुतेक वस्तू घरातच सापडतात; खर्च होतो तो मुख्यतः वेळेचा.

४. ओळखीचे चार टप्पे

पहिला टप्पा – वासाची ओळख : पहिले तीन-चार दिवस दोघांनी एकमेकांना पाहूच नये. मधले दार बंद ठेवावे. पिल्लाच्या अंगावरून फिरवलेले एक कोरडे कापड मांजरीच्या खाण्याच्या भांड्यापासून काही अंतरावर ठेवावे आणि मांजरीच्या गालांवरून फिरवलेले कापड पिल्लाच्या कोपऱ्यात ठेवावे. मांजरीने कापड हुंगून पाठ फिरवली, तरी हरकत नाही. तिने त्याच्या जवळ निवांत बसून खाल्ले, की ती परीक्षा पार पडली असे समजावे. दोघांचे जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना, एकाच वेळी द्यावे. पलीकडचा वास आणि पोटभर जेवण यांची मनात सांगड बसते.

दुसरा टप्पा – दुरून दर्शन : आता दार उघडून जाळी लावावी. पिल्लाला जाळीपासून दूर, दोरीने धरून बसवावे. पाच मिनिटे पुरेत. पिल्लाने मांजरीकडे पाहिले आणि मग नजर माणसाकडे वळवली, की लगेच एक खाऊचा तुकडा द्यावा. मांजरीकडे दुर्लक्ष केले की खाऊ मिळतो, हा धडा पिल्लाने या काळात शिकायचा असतो. दिवसांतून दोन-तीनदा असे करावे. मांजर जाळीजवळ येत नसेल, तर तिला उचलून आणू नये.

तिसरा टप्पा – प्रत्यक्ष भेट : भेटीपूर्वी पिल्लाला फिरवून, खेळवून थकवावे. त्याला साधारण पाच फुटांच्या दोरीने धरावे. दोरी सैल असावी, पण हातातून सुटू नये. मांजर पूर्णपणे मोकळी असावी आणि तिचा वर जाण्याचा व आत जाण्याचा मार्ग उघडा असावा. मांजराला कडेवर घेऊन पिल्लाला 'दाखवण्याची' चूक अनेक जण करतात. पळायला वाट न मिळाल्याने मांजर घाबरून धरणाऱ्यालाच ओरबाडते. दोन मोठी माणसे हजर असावीत : एकाचे लक्ष पिल्लाकडे, दुसऱ्याचे मांजराकडे. वरील उदाहरणातील घरात हे दुसरे काम आजी उत्तम करू शकतात, कारण घरात दिवसभर राहिल्याने मांजरीच्या सवयी त्यांनाच अधिक ठाऊक असतात. कान मागे गेले, शेपटी फटकारली जाऊ लागली, की त्यांनी सांगावे आणि भेट तेथेच थांबवावी. पहिली भेट पाच-दहा मिनिटांची असावी आणि सगळे शांत असतानाच संपावी.

चौथा टप्पा – देखरेखीखालील सहवास : भेटींचा वेळ हळूहळू वाढवावा. काही दिवसांनी दोरी न धरता पिल्लाच्या अंगावर तशीच लोंबू द्यावी, म्हणजे गरज पडल्यास तिच्यावर पाय ठेवून त्याला थांबवता येते. कित्येक आठवडे एकही पाठलाग झालेला नसेल, तोपर्यंत दोघांना एकटे सोडू नये. घरातील सर्व जण बाहेर जाणार असतील, तर मधले दार लावून घ्यावे.

हे सारे किती दिवसांत पुरे होईल, याचा नेम नसतो. कोठे पंधरा दिवस लागतात, कोठे तीन-चार महिने. ठरवण्याचा नियम एकच आहे : दोघांपैकी जो अधिक घाबरतो, त्याच्या चालीने पुढे जावे. एखाद्या टप्प्यावर मांजर बिथरले, तर मागच्या टप्प्यावर येऊन पुन्हा सुरुवात करावी. त्यात काही गमावले जात नाही. घाई केल्यास मात्र एका वाईट भेटीची आठवण पुसायला अनेक चांगल्या भेटी खर्ची पडतात.

५. काही गैरसमज

'मांजराने एकदा चांगले बोचकारले, की पिल्लू आपोआप शिकेल' असे पुष्कळ ठिकाणी म्हटले जाते. हा सल्ला धोकादायक आहे. लहान पिल्लाचे डोळे मांजराच्या पंजाच्या टप्प्यात असतात आणि नखाने बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. शिवाय अशा प्रसंगातून पिल्लाच्या मनात भीती किंवा राग बसतो, मांजराचीही धास्ती वाढते.

'पिल्लू लहान आहे, धावले तर धावू दे' हा दुसरा गैरसमज. आज ओंजळीत मावणारे गावठी पिल्लू वर्षभरात मांजराच्या कित्येक पट वजनाचे होते. लहानपणी कौतुकाचा वाटलेला पाठलाग तेव्हा मांजराच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून पाठलाग पहिल्या दिवसापासून थांबवावा. त्यासाठी मारणे मात्र चुकीचे आहे. मांजर दिसले की मार बसतो, एवढेच पिल्लाच्या लक्षात राहते आणि मांजराबद्दलचा त्याचा राग वाढतो. 'बस', 'थांब', 'ये' हे तीन शब्द खाऊ देऊन शिकवले आणि योग्य वेळी वापरले, तर मारण्याची वेळ येत नाही.

'दोघांची दोस्ती झालीच पाहिजे' हा तिसरा गैरसमज. काही मांजरे पिल्लाला बिलगून झोपतात. काही जन्मभर त्याच्यापासून चार हात दूर राहतात. दोघेही भीतीवाचून जेवत, झोपत आणि वावरत असतील, तर पाळणाऱ्याचे काम यशस्वी झाले असे मानावे.

६. अन्न, औषध आणि आरोग्य

दोघांचे अन्न वेगळे ठेवावे. मांजर हा पूर्णपणे मांसाहारावर अवलंबून असलेला प्राणी आहे. 'टॉरिन' नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो. तो कमी पडल्यास डोळे आणि हृदय यांचे विकार होतात. कुत्र्यासाठी केलेल्या अन्नात तो पुरेसा असेलच असे नाही. उलट मांजराचे अन्न पिल्लाने खाल्ले, तर त्याचे पोट बिघडू शकते. मांजराचे भांडे उंचावर ठेवल्यास हा प्रश्न सुटतो. वाळूचे घमेलेही पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही अशा ठिकाणी असावे. पिल्ले त्यातील विष्ठा खातात आणि त्यातून जंत होतात.

पिसवा दोघांनाही होतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात, म्हणून उपाय दोघांवर एकाच वेळी करावा लागतो. येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील काही औषधांत 'परमेथ्रिन' असते. ते मांजराला विषासारखे बाधते. पिल्लाच्या अंगाला लावलेले औषध चाटूनही मांजर दगावू शकते. माणसांसाठी असलेली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला प्राणघातक ठरते. पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नये.

नव्या पाहुण्याच्या धसक्याने मांजर खाणे सोडू शकते. चोवीस तास काहीही खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. काही दिवसांच्या उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साचून गंभीर आजार होतो. बोका पुनःपुन्हा घमेल्यात बसूनही लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग अडल्याची शक्यता असते. अशा वेळी त्याच दिवशी उपचार मिळाले नाहीत, तर जीव जाऊ शकतो.

रेबीज हा रोग कुत्रा, मांजर आणि माणूस या तिघांनाही होतो. त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. लुई पाश्चर यांनी १८८५ साली माणसासाठी या रोगावरील लस प्रथम वापरली. आज या रोगावरील लस उपलब्ध आहे. पिल्लाला साधारण तीन महिन्यांच्या वयात पहिली लस देतात; पुढील मात्रा पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे द्याव्यात. मांजरालाही ही लस हवीच. ओळखीच्या काळात कोणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. हळद, चुना, तिखट असे काहीही जखमेत भरू नये.

पाठगत प्रश्न – २

(अ) चूक की बरोबर ते लिहा.
(१) पहिल्या भेटीत मांजराला कडेवर घ्यावे.
(२) परमेथ्रिन असलेले औषध मांजराला घातक असते.
(३) पाठलाग करणाऱ्या पिल्लाला मारल्याने मांजराविषयीचा त्याचा राग कमी होतो.

(आ) मांजराचे खाण्याचे भांडे उंचावर का ठेवावे?

७. घेतलेली जबाबदारी

पिल्लू जुळवून घेत नाही असे वाटले, की काही जण त्याला रात्री दूरच्या वस्तीत सोडून येतात. काही जण वर्षानुवर्षे सांभाळलेल्या मांजरालाच बाजाराजवळ सोडतात. घरात वाढलेल्या प्राण्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही आणि तेथील कुत्रे त्याला आपल्या हद्दीत घेत नाहीत. बहुतेक वेळा त्याचा अंत उपासमारीने किंवा वाहनाखाली होतो. ज्या परिस्थितीत प्राण्याला भूक-तहान सोसावी लागेल, अशा परिस्थितीत त्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा ठरवला आहे. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्येही सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. काही महिन्यांच्या प्रयत्नांनंतरही दोघांना एकत्र ठेवणे धोक्याचे वाटले, तर पिल्लासाठी दुसरे चांगले घर शोधावे आणि ते मिळेपर्यंत दोघांना वेगळे ठेवावे.

घरातील प्रत्येकाच्या वाट्याला या कामातील काही भाग येतो. पिल्लाला वेळेवर फिरवणे, मांजराला दिवसातून थोडा वेळ पूर्वीसारखा एकटीला देणे, दार लावले आहे ना हे पाहणे, ही कामे लहान वाटतात. पण त्यांवरच दोन मुक्या जिवांची झोप अवलंबून असते. मुलेही यातून बरेच शिकतात : दुबळ्याला आधी जागा द्यावी, घाबरलेल्याला वेळ द्यावा आणि समोरच्याची भाषा कळेपर्यंत निष्कर्ष काढू नये. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत लागू पडणारे हे नियम माणसांच्या घरांतही उपयोगी पडतात.

सारांश

कुत्रा कळपात राहणाऱ्या लांडग्याचा, तर मांजर एकट्याने शिकार करणाऱ्या रानमांजराचा वंशज आहे. दोघांच्या खुणांचे अर्थ वेगळे असल्याने त्यांच्यात गैरसमज होतात. वासाची ओळख, दुरून दर्शन, प्रत्यक्ष भेट आणि देखरेखीखालील सहवास या चार टप्प्यांनी ते दूर करता येतात. अधिक घाबरणाऱ्या प्राण्याच्या चालीने पुढे जावे. अन्न वेगळे ठेवावे, लसी द्याव्यात, औषधांबाबत सावध राहावे आणि पाळलेल्या प्राण्याला कधीही वाऱ्यावर सोडू नये.

शब्दार्थ

गंधग्रंथी – वास निर्माण करणारा शरीरातील अवयव
देहबोली – शरीराच्या हालचालींतून व्यक्त होणारा अर्थ
उपजत – जन्मापासून असलेले
पवित्रा – हल्ल्याच्या किंवा बचावाच्या तयारीची स्थिती
दुभाषी – दोन भाषा जाणून एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगणारा
बिथरणे – घाबरून किंवा रागाने अनावर होणे
वाऱ्यावर सोडणे – निराधार करणे

स्वाध्याय

१. कुत्रा आणि मांजर माणसाजवळ कसे आले, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. पिल्लू आणण्यापूर्वी दोन खोल्यांच्या घरात कोणती तयारी करावी?
३. 'मांजराने बोचकारले की पिल्लू आपोआप शिकेल' हे मत चुकीचे का आहे?
४. कारण सांगा : पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांना पाहू नये.
५. तुमच्या परिसरातील एखाद्या पाळीव प्राण्याच्या हालचालींचे तीन दिवस निरीक्षण करा आणि त्यांचे अर्थ आठ-दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (२) स्नेहाने येत असते. (आ) गालांतील गंधग्रंथींच्या वासाने घरावर आपली खूण ठेवण्यासाठी मांजर गाल घासते.
२. (अ) (१) चूक (२) बरोबर (३) चूक. (आ) मांजराचे अन्न पिल्लाने खाऊन त्याचे पोट बिघडू नये म्हणून भांडे उंचावर ठेवावे.